श्रद्धा कुठून येते आणि ती असते तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धंतोलीतल्या एका घराच्या ओसरीवर आम्ही काही जण दर रविवारी सकाळी तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचतो. धर्म आणि श्रद्धा हा विषय निघाला की त्या आठवड्यात माझा फोन थांबत नाही. कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, देवळात रोज जाणाऱ्या काकू, दीक्षाभूमीवर वाढलेले मित्र, सगळे विचारतात आणि बरेचदा तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. श्रद्धेच्या बाबतीत तत्त्वज्ञान नेमकं विचारतं तरी काय? देव आहे की नाही, एवढंच ना?

नाही, तो फक्त एक प्रश्न झाला. दुसरा असा: माणसाच्या मनात देवाची कल्पना आली कुठून? आणि तिसरा: 'मी देव मानतो' असं म्हणणारा माणूस नक्की काय करत असतो? काही माहिती सांगत असतो, भावना व्यक्त करत असतो, की कुणाशी नातं जोडत असतो? आमच्या ओसरीवर निम्मी भांडणं होतात ती हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे. एक जण उगमाबद्दल बोलत असतो, समोरच्याला वाटतं हा देवच नाकारतोय. पुढची उत्तरं वाचताना कोणता प्रश्न चालू आहे याकडे लक्ष ठेवा.

२. श्रद्धा, विश्वास, आस्था, भक्ती, सगळं एकच नाही का?

एक नाही. माझ्या मते या विषयाची अर्धी किल्ली या शब्दांतच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

'श्रद्धा' हा शब्द 'श्रत्' आणि 'धा' यांपासून बनला आहे. 'धा' म्हणजे ठेवणं. 'निघंटु' या प्राचीन शब्दसंग्रहात 'श्रत्' सत्याच्या नावांमध्ये येतो, तर आजचे भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं हृदयाशी जोडतात. म्हणजे श्रद्धा हे एखाद्या गोष्टीवर मन ठेवणं झालं, आणि ठेवणं ही क्रिया आहे. ऋग्वेदात दहाव्या मंडलात श्रद्धेवर एक स्वतंत्र सूक्तच आहे, आणि तिथे ती देवतेसारखी येते.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आपलं रोजचं क्रियापद, 'मानणं'. 'पृथ्वी गोल आहे असं मी मानतो' आणि 'मी तिला बहीण मानतो' या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. पहिलं वाक्य खरं किंवा खोटं असू शकतं. दुसऱ्याचं तसं नाही. मानलेल्या बहिणीच्या घरी जाऊन कुणी 'तुमचं रक्त तपासा' म्हणालं तर त्याला काही कळलंच नाही असं आपण म्हणू. तिथे खरं-खोटं ठरतं ते भाऊबीजेला दारात उभं राहण्यावर, तिच्या अडचणीत धावून जाण्यावर.

मग 'देव मानतो' यातलं मानणं कोणतं? पृथ्वीवालं की बहिणीवालं? खाली येणारे बहुतेक तत्त्वज्ञ पहिलं धरून चालतात. भक्त बरेचदा दुसऱ्याबद्दल बोलत असतो. आणि पुष्कळ माणसांच्या मनात दोन्ही एकत्र असतात, तिथेच सगळी गुंतागुंत आहे.

३. भीतीतून देव जन्मला, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?

पहिलं कोण हे सांगता येणार नाही, इतका हा विचार जुना आहे. धम्मपद या बौद्ध ग्रंथातल्या १८८व्या गाथेत तो स्पष्ट आहे: भयानं ग्रासलेली माणसं डोंगरांना, वनांना, झाडांना आणि चैत्यांना शरण जातात. पुढची गाथा सांगते की हे शरणस्थान सुरक्षित नाही. रोममध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ल्युक्रेशियस या कवीनं वीज, भूकंप आणि मृत्यूचं भय यांच्याशी देवांच्या दहशतीचं नातं जोडलं.

याची सर्वांत बारीक मांडणी मात्र डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाची, १७५७ सालची. तो नुसती भीती म्हणत नाही, भीती आणि आशा म्हणतो. ज्याचं पोट अशा कारणांवर अवलंबून आहे जी त्याला दिसत नाहीत आणि आवरता येत नाहीत, तो त्या कारणांना चेहरा देतो. जुगारी आणि खलाशी जास्त दैववादी का असतात, याचं उदाहरण त्यानंच दिलं आहे.

विदर्भात हे समजवायला पुस्तक लागत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या मातीत सरकी टाकून बसलेला शेतकरी पाहा. बियाणं उधारीवर, सावकार दारात, आणि ढग काटोलवरून सरळ पुढे निघून गेलेले. त्यानं आभाळाकडे पाहून हात जोडले तर ह्यूमला आश्चर्य वाटलं नसतं. कारण दिसत नसतं तेव्हा माणूस कर्ता शोधतो.

पण एवढ्यानं काम भागत नाही. भीतीतून शरणागती समजते, आनंद समजत नाही. आषाढात पायी पंढरपूरला जाणारा माणूस घाबरलेला दिसत नाही. रुडॉल्फ ओट्टो या जर्मन विचारवंतानं १९१७ साली म्हटलं की धार्मिक अनुभवाच्या मुळाशी एक वेगळीच भावना आहे, थरकाप उडवणारी आणि त्याच वेळी ओढून घेणारी. ती साध्या भीतीत मोजता येत नाही. मला त्याचं म्हणणं पटतं.

४. हे सगळे पाश्चात्त्य प्रश्न आहेत. आपल्याकडे असं कोणी विचारत होतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो ऐकून मला खरंच वाईट वाटतं. कारण आपली परंपरा अशा प्रश्नांनी भरलेली आहे आणि ती आपल्यालाच माहीत नाही.

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एक जण सरळ म्हणतो की इंद्र नाहीच, त्याला पाहिलंय कोणी? पुढच्याच ऋचेत इंद्र स्वतः उत्तर देतो, 'हा मी इथे आहे, पाहा.' म्हणजे शंका घेणारा आणि श्रद्धावान दोघांनाही त्याच सूक्तात जागा आहे. नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की ही सृष्टी कशी झाली हे वरून पाहणाऱ्यालाच माहीत, किंवा त्यालाही नसेल.

चार्वाकांचं, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्यांचं, म्हणणं माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, म्हणजे चौदाव्या शतकात, नोंदलेलं आहे: अग्निहोत्र, तीन वेद, भस्म फासणं ही बुद्धी आणि पराक्रम नसलेल्यांची उपजीविका आहे. धर्माचा उगम पुरोहिताच्या पोटात शोधणारं हे म्हणणं युरोपीय प्रबोधनाच्या कितीतरी आधीचं. मात्र त्यांचं बरंचसं म्हणणं आपल्यापर्यंत विरोधकांच्या लिखाणातूनच आलं आहे, हे विसरू नये.

सांख्यसूत्रात 'ईश्वरासिद्धेः' असं सूत्र आहे, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे, त्याहून चमत्कारिक वाटतील: वेद शिरोधार्य, यज्ञ अनिवार्य, पण जगाचा निर्माता ईश्वर त्यांना मान्य नाही. समोरच्या बाजूला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, उदयनाचार्य. घट आहे म्हणजे कुंभार असणारच, तसं जग हे कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता हवा, असा युक्तिवाद 'न्यायकुसुमाञ्जली'त त्यांनी बांधला. बौद्धांनी तो तितक्याच ताकदीनं तोडायचा प्रयत्न केला. ही वादावादी शेकडो वर्षं चालली.

५. 'देवानं माणूस घडवला नाही, माणसानं देव घडवला', हे कुणाचं मत?

लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाचं, १८४१ सालचं. त्याच्या खूप आधी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीक झेनोफेनीस म्हणाला होता की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते. फॉयरबाख पुढे जातो. माणूस आपल्यातलं उत्तम ते, प्रेम, ज्ञान, न्याय, स्वतःपासून वेगळं काढतो, आभाळात ठेवतो आणि मग त्याच्याच पाया पडतो.

जनाबाईचा विठ्ठल आठवा. तो तिच्याबरोबर जात्यावर बसतो, दळू लागतो, शेण वेचतो. फॉयरबाख म्हणेल, बघा, राबणाऱ्या एकट्या बाईनं आपल्याला हवा तसा सोबती घडवला. वारकरी म्हणेल, बघा, देव किती कनवाळू, जिला जसा हवा तसा तिच्यासाठी झाला. दोघांसमोर अभंग तोच आहे. अभंगातून एकाची बाजू खरी ठरत नाही, आणि हे मान्य करायला दोघांनाही जड जातं.

६. मार्क्सनं धर्माला अफू म्हटलं म्हणजे नशाच म्हटलं ना?

अर्धं वाक्य ऐकून झालेला गैरसमज. १८४४ साली छापलेल्या त्या लेखात अफूच्या आधी तो म्हणतो की धर्म हा पिडलेल्या जिवाचा उसासा आहे, हृदयहीन जगाचं हृदय आहे. त्या काळी अफू हे दवाखान्यातलं वेदनाशामक होतं. मार्क्सचा राग वेदनेवर आहे. वेदना देणारी व्यवस्था गेली की औषधाची गरजही जाईल, असं त्याला वाटत होतं. हे भाकीत खरं ठरलं का, हा वेगळा वाद.

७. आणि फ्रॉइड?

त्यानं १९२७ साली धर्माला 'भ्रम' म्हटलं, पण त्याच्या व्याख्येत भ्रम म्हणजे असत्य नव्हे. इच्छेच्या पोटी जन्मलेली समजूत म्हणजे भ्रम, ती खरीही निघू शकते. असहाय मुलाला बाप हवा असतो, मोठेपणी तो आभाळात सापडतो, हा त्याचा मुद्दा. आईला देव मानणाऱ्या आपल्या देशात, रेणुकामाता आणि कोराडीची जगदंबा असताना, बापावर बेतलेला हा सिद्धान्त मला अपुरा वाटतो.

८. मारबतीला जाणाऱ्या लोकांना खरंच वाटतं का, की ती रोगराई घेऊन जाते?

बाहेरगावच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बांबू-कागदाच्या दोन प्रचंड मारबती निघतात, एक काळी, एक पिवळी. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या उठतात आणि शेवटी मारबत जाळतात.

मी लहानपणापासून इतवारीच्या गर्दीत उभा राहून हे पाहिलंय. पिवळ्या मारबतीपुढे बाया तान्ही पोरं उंच धरतात. एकदा माझ्या शेजारी उभ्या बाईनं आजारी नातवाला तिच्यापुढे धरलं, पुटपुटली, आणि मग पिशवी चाचपली. पिशवीत त्याच्या औषधाची बाटली होती. दुपारचा डोस चुकायला नको म्हणून ती वेळ बघत होती.

ही गोष्ट मी ओसरीवर अनेकदा सांगितली आहे, कारण तिच्यात तत्त्वज्ञानाचा मोठा वाद मावतो. एडवर्ड टायलर, जेम्स फ्रेझर अशा एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना वाटे की असे विधी म्हणजे निसर्गाबद्दलचे चुकलेले सिद्धान्त. माणसाला रोगाचं कारण कळलं नाही म्हणून त्यानं पुतळा जाळला. तसं असतं तर त्या बाईकडे औषधाची बाटली कशाला असती? विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञानं फ्रेझर वाचून नेमका हाच आक्षेप घेतला. प्रिय माणसाच्या फोटोचा आपण मुका घेतो, तो काही परिणाम होईल या समजुतीनं घेत नाही. काही होवो म्हणून ते केलेलं नसतं, आणि करून मनाला बरं वाटतं.

दुसरं उत्तर एमिल दुरखाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं. १९१२च्या ग्रंथात, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल इतरांनी लिहिलेल्या नोंदी वाचून, तो म्हणाला की धर्माचा गाभा देव नाही. पवित्र आणि सामान्य अशी विभागणी, आणि त्या पवित्राभोवती जमणारा समाज, हा गाभा. एकत्र आलेल्या माणसांना जी शक्ती अंगात संचारल्यासारखी वाटते ती खरीच असते. फक्त तिचं नाव समाज. मारबतीच्या मिरवणुकीत ज्यानं एकदा तरी आरोळी ठोकली आहे त्याला दुरखाइम पटकन समजतो.

मग त्या बाईला 'खरंच' वाटतं का? मला वाटतं तिला थेट विचारलं तर ती 'हो' म्हणेल. पण तिचं हो म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा मजकूर खरा आहे म्हणताना असतं तसं हो नाही. विटगेनस्टाइनच्या बाजूनं झुकताना एक सावधगिरी मात्र हवी. सगळ्या विधींना नुसतं प्रतीक म्हणून टाकलं तर जे लोक खरोखर परिणाम होईल म्हणून करतात त्यांना आपण ऐकूनच घेत नाही. तशी माणसंही त्या गर्दीत असतात. त्यांच्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

९. मेंदूचे शास्त्रज्ञ म्हणतात श्रद्धा आपल्या मेंदूतच बसवलेली आहे. खरं का?

'बसवलेली' हा शब्द जरा जास्त झाला. म्हणणं असं आहे: पेंच किंवा ताडोब्याच्या जंगलाकडेला राहणाऱ्या माणसाला गवतात खसखस ऐकू आली. वारा असताना वाघ समजला तर फार तर पळून दमेल. वाघ असताना वारा समजला तर संपला. म्हणून जिथे कोणी नाही तिथेही 'कोणीतरी आहे' असं मानणारं मन टिकलं. ढगांत चेहरे दिसतात ते त्याचमुळे, असं मानववंशशास्त्रज्ञ स्टुअर्ट गथ्री म्हणतो. जस्टिन बॅरेट, पास्कल बॉयर यांनी हा धागा पुढे नेला. बॉयर सांगतो की लक्षात राहणाऱ्या देवकल्पना थोड्याशाच विचित्र असतात: माणसासारखं ऐकणारा, रागावणारा, पण न दिसणारा.

यातून देवकल्पना सगळीकडे का सापडते हे बऱ्यापैकी कळतं. एखादा माणूस त्यासाठी सगळं आयुष्य का वाहून टाकतो, हे कळत नाही.

१०. उगम कळला म्हणजे श्रद्धा खोटी ठरली ना?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तर: नाही. पण 'नाही' एवढंच म्हणून सुटताही येत नाही.

आपण नागपूरकर लहानपणापासून ऐकत आलो की झिरो माइलचा दगड म्हणजे देशाचा मध्यबिंदू. आपल्यापैकी किती जणांनी मोजून पाहिलं? आपण ते मानलं ते गावाच्या अभिमानापोटी. आता कुणी दाखवून दिलं की तुमची समजूत अभिमानातून आली, तर त्यामुळे ती खोटी ठरते का? नाही. मध्यबिंदू कुठे आहे हे मोजणीच ठरवील. समजुतीचा जन्म आणि तिचं खरेपण या दोन गोष्टी आहेत, आणि एकावरून दुसरी काढणं ही तर्कशास्त्रातली जुनी चूक आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. अभिमानातून आली हे कळल्यावर 'मला मनापासून वाटतं' हा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. दगड कुठेही असता तरी मला तसंच वाटलं असतं. श्रद्धेचंही तेच. देव असो वा नसो, भीती, इच्छा आणि सावध मेंदू यांनी माझ्या मनात देवकल्पना आणलीच असती, असं दाखवता आलं तर 'मला जाणवतो' या म्हणण्याचं वजन कमी होतं. शून्य होत नाही, कमी होतं. मग इतर आधार शोधावे लागतात.

यावर आल्विन प्लॅंटिंगा या आस्तिक तत्त्वज्ञाचं उत्तर विचारात घेण्याजोगं आहे. तो म्हणतो, देव असेल तर त्यानंच माणसाच्या मनात अशी जाणीव ठेवली असेल, मग मेंदूची ती रचना म्हणजे त्याचीच योजना. म्हणजे उगमाचा पुरावा कोणत्या बाजूला जातो हे ठरवायला आधी देव आहे की नाही हे ठरवावं लागतं. आस्तिक-नास्तिक दोघांनीही उगमाच्या गोष्टी एकमेकांच्या तोंडावर फेकणं थांबवावं असं मला यामुळेच वाटतं.

११. पुराव्याशिवाय काहीही मानणं चूकच नाही का?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली हेच म्हटलं. त्याचं उदाहरण एका जहाजमालकाचं. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी, पण तो स्वतःला समजावतो की आजवर बुडालं नाही, देव सांभाळील. जहाज प्रवाशांसह बुडतं. क्लिफर्ड म्हणतो तो दोषी आहे, आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तितकाच दोषी असता, कारण तसं मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं १८९६ साली उत्तर दिलं. काही निवडी टाळता येत नाहीत, त्या मोठ्या असतात, आणि पुराव्यानं ठरत नाहीत. तिथे थांबून राहणं हीसुद्धा निवडच असते. मैत्री हे त्याचं उदाहरण: समोरच्याला मी आवडतो याचा पुरावा मिळेपर्यंत मी अलिप्त राहिलो तर मैत्री होणारच नाही.

माझी फूटपट्टी साधी आहे. माझ्या मानण्याचा भुर्दंड कोणाला? जहाजात दुसरे बसले असतील तर क्लिफर्ड. माझ्या एकट्याच्या आयुष्याचा प्रश्न असेल तर जेम्सचं ऐकायला हरकत नाही.

१२. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यात रेघ कुठे ओढायची?

'माझी ती श्रद्धा, शेजाऱ्याची ती अंधश्रद्धा' अशी रेघ सगळेच ओढतात, तिचा उपयोग नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं कोणाच्या मनात काय आहे हे तपासायचं टाळलं आणि कृत्यांची यादी केली. साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र टाकणं हा गुन्हा आहे. मनात मंत्रावर भरवसा असणं हा गुन्हा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागितलेला हा कायदा, त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आला.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला रामटेकजवळच्या एका गावी साप चावला तेव्हा दीड तास मंत्र टाकून झाडण्यात गेला. तो वाचला, पायाचं बोट गेलं. झाडणारा माणूस लबाड नव्हता, त्यानं पैसेही घेतले नाहीत. त्याचा मनापासून विश्वास होता. क्लिफर्डचा जहाजमालक वाचताना मला दर वेळी तो माणूस आठवतो.

आणि ही टीका बाहेरून आयात झालेली नाही. 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती', हे विचारणारे तुकोबा नास्तिक नव्हते.

१३. बाबासाहेबांना देव मान्य नव्हता, मग त्यांनी धर्म घेतलाच कशाला?

दीक्षाभूमीच्या गावात हा प्रश्न आला नसता तरच नवल.

१९३५ साली येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला, इथे नागपुरात. मधली एकवीस वर्षं ते शोधत होते, तपासत होते. नुसता धर्म सोडायचा असता तर एवढा काळ लागला नसता.

त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्माच्या उगमाचा विचार आहे. वीज, पाऊस, पूर यांची कारणं न कळल्यामुळे धर्म आधी जादूशी जोडला गेला, मग श्रद्धा, विधी, प्रार्थना, यज्ञ यांच्याशी, नंतर ईश्वर आणि आत्म्याशी. हे ह्यूमच्या जवळचं आहे (प्रश्न ३). पण ह्यूम जिथे थांबतो तिथून ते पुढे जातात. उगम असा असेल तर धर्म टाकून द्या, असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात धम्म ही वेगळी गोष्ट आहे: धर्म वैयक्तिक मानला जातो, धम्म मुळातच सामाजिक आहे. एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, दोन माणसं एकमेकांच्या नात्यात आली की ती टाळता येत नाही. आणि धम्मात देवाची जागा नीतीनं घेतली आहे.

म्हणजे 'देव नाही तर धर्म कसा' हा प्रश्न मुळात धर्माची एकच व्याख्या धरून विचारलेला आहे. मीमांसकांनीही ती व्याख्या पाळली नव्हती (प्रश्न ४).

धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांच्या स्टॉलवर मी एक म्हातारी पाहिली होती. पांढरं लुगडं, पायात स्लीपर, दूरच्या जिल्ह्यातून रेल्वेनं आलेली. तिनं कमरेचं पाकीट सोडून त्याच ग्रंथाची प्रत घेतली. दुकानदारानं विचारलं, 'वाचता येते का आजी?' ती म्हणाली, 'मले नाही येत. नातीन वाचते, मी आयकतो.' पुस्तक तिनं कपाळाला लावलं आणि पिशवीत ठेवलं. तिचं ते कपाळाला लावणं म्हणजे जुनी सवय म्हणायची की नवी श्रद्धा? ओसरीवर यावर दोन तट पडले. माझ्या मते ती विचार करण्याच्या हक्काला मान देत होती, आणि त्या हक्कासाठीच तिच्या आईवडिलांच्या पिढीनं हा धर्म घेतला.

१४. ताजबागला हिंदूही जातात. मग त्यांची श्रद्धा कोणत्या धर्माची?

ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवणारा माणूस संध्याकाळी टेकडीच्या गणपतीलाही जातो, आणि त्याला यात विसंगती दिसत नाही. विसंगती विधानांमध्ये असते. ज्याचं मानणं बहिणीवालं आहे (प्रश्न २) त्याला दोन घरी जाता येतं. 'तू नक्की कोणाचा' हा प्रश्न बहुधा जनगणना करणाऱ्याचा असतो.

१५. मला देवळात काहीच वाटत नाही. आईला बरं वाटावं म्हणून हात जोडतो. हे ढोंग आहे का?

हा प्रश्न एका इंजिनिअरिंगच्या मुलानं रात्री साडेअकराला पाठवला होता, त्यानंतर तसाच अनेकांनी.

ढोंग म्हणजे फसवण्याच्या हेतूनं केलेलं. तू आईकडून काही उकळत नाहीस. तू तिला मानतोस, आणि ती ज्याला मानते त्याच्यापुढे तिच्यासोबत उभा राहतोस. दुरखाइम तर म्हणेल की तू धर्माच्या अगदी गाभ्यात उभा आहेस (प्रश्न ८). पास्कल या फ्रेंच विचारवंतानं सतराव्या शतकात लिहून ठेवलं की श्रद्धा नसलेल्यानं श्रद्धावानांसारखं वागत राहावं, मन मागून येतं. तुझं मन मागून यावं असं तुला वाटत नसेल तर एवढंच पाहा: आईनं सरळ विचारलं, 'तुला देव आहे असं वाटतं का रे?' तर तू खोटं बोलशील का? बोलावं लागत नसेल तर हात जोडायला हरकत नाही. आणि बोलावं लागत असेल तर हात जोडणं सोडण्याआधी आईशी एकदा बोल.

१६. आमचे महाराज म्हणतात, असे प्रश्न विचारणं हीच अश्रद्धा. मग?

गीतेत अर्जुनानं सतराव्या अध्यायाची सुरुवातच श्रद्धेबद्दल प्रश्न विचारून केली आहे. श्रीकृष्णानं त्याला गप्प केलं नाही. ज्याची जशी श्रद्धा तसाच तो माणूस, हे वचन त्या प्रश्नामुळेच आपल्याला मिळालं.

१७. तुम्ही स्वतः मानता का? टाळू नका.

टाळत नाही. जगाचा कर्ता आहे, हे विधान म्हणून मला पटलेलं नाही. उदयनाचार्यांचा युक्तिवाद मी अनेकदा वाचला, सुंदर आहे, कुंभारापर्यंत मी पोचतो, पुढे पोचत नाही.

पण वडिलांच्या दहाव्याला रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर आम्ही पिंड ठेवून उभे होतो आणि कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं. काका म्हणाले, काहीतरी राहिलं असेल, बोला. एकेकानं बोलायला सुरुवात केली. बहीण म्हणाली घर विकणार नाही. कावळे पिंपळावर बसून होते. कावळ्यात वडील नाहीत हे मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी मी पुढे झालो आणि मोठ्यानं म्हणालो, 'बाबा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन या महिन्यात करतो.' तुम्ही असेपर्यंत मीच पुढे ढकलत होतो, हेही म्हणालो. मग थोड्या वेळानं एक कावळा उतरला.

ऑपरेशन पंचविसाव्या दिवशी झालं. घाटावर मी जे बोललो ते खरं की खोटं, असं कुणी विचारलं तर मी त्याला प्रश्न २ वाचायला देतो.